कुत्र्याला घेऊन बोटीत बसताना: कोकणच्या खाड्या ओलांडणाऱ्यांसाठी पहिल्या खेपेची तयारी

गाडी घेऊन कोकणात निघालात आणि मागच्या सीटवर कुत्रा असेल, तर आज ना उद्या एखाद्या धक्क्यावर येऊन उभे राहणारच. पलीकडे जायचंय, तिकीटघराशी रांग लागलीय, आणि "कुत्रा चालतो का हो?" हे कोणाला विचारावं ते कळत नाही. आमची चंपा गावठी, जन्माने गुहागरची, आता पुण्यात राहते. गावी जाताना दाभोळची खाडी तिच्या वाट्याला येतेच. त्या येण्याजाण्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावरच बेतलेली आहे. बहुतेक कुत्री पाण्याला घाबरत नाहीत, धक्क्याला घाबरतात. पायाखालचा लोखंडी उतार, साखळ्यांचा खडखडाट, भोंगा, एकाच वेळी सुरू होणाऱ्या गाड्या आणि चारी बाजूंनी माशांचा वास. हे पार पडलं की बोट सुटल्यावर ती शांत बसतात. तेव्हा मेहनत घ्यायची ती जमिनीवर.

1. कुठली बोट, ते आधी ठरवा

पहिल्यांदाच जात असाल आणि मुंबईकर असाल, तर भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, सुरुवात करा. मार्च 2020 मध्ये सुरू झालेली ही मोठी बोट साधारण तासाभरात पोचवते आणि फार हलत नाही. कुत्र्याची नोंद आपलं तिकीट काढतानाच करा. त्याचं वेगळं तिकीट लागतं, आणि त्याला कुठे बसवायचं हेही ठरलेलं असतं. आयत्या वेळी फाटकावर कुत्रा दाखवून हुज्जत घालू नका. मागे रांग खोळंबते आणि कुत्रा बावरतो.

त्याखालोखाल सोपी म्हणजे खाडीतली फेरीबोट, जिला तिकडे जंगलजेटी म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. उत्तरेकडून दक्षिणेकडे या क्रमाने उतरत गेलात तर मोठमोठे वळसे वाचतात. दाभोळची फेरी 2003 पासून चालू आहे. ती नसती तर पलीकडे दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणवरून फिरून यावं लागलं असतं. प्रवास थोड्या मिनिटांचा, वर उघडं आकाश, आणि कुत्रा आपल्याच गाडीत बसू शकतो. नवख्यासाठी हे उत्तम.

डॉल्फिन दाखवणाऱ्या किंवा तारकर्ली-देवबागच्या खाडीत फिरवणाऱ्या छोट्या होड्या तिसऱ्या पायरीवर ठेवा. तिथे माणशी भाड्याच्या होडीत कुत्रा घेऊन चढू नका, अख्खी होडी ठरवा. शेजारच्या कुटुंबातलं एखादं मूल कुत्र्याला घाबरत असेल तर अर्ध्या पाण्यात कोणीच कुठे सरकू शकत नाही. ठरवतानाच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सरळ विचारा, "काका, सोबत कुत्रा आहे, एवढा मोठा. चालेल ना?" आणि हाताने उंची दाखवा. 'छोटासा आहे' असं फोनवर सांगून धक्क्यावर लॅब्रॅडोर उभा केला, तर काका नाही म्हणाले तरी त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांत मात्र कुत्रा नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दी असते, किल्ल्याच्या दारात डुलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो, आणि जंजिरा संरक्षित स्मारक असल्यामुळे आत प्राणी नेता येत नाहीत. गोव्यात रायबंदरहून चोडणला फेरीने जात असाल तर तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्याबाबतही हेच. नदी ओलांडा, गावात फिरा, पण अभयारण्यात कुत्रा नको.

2. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टर

रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना, हे पाहा. दुसरी लस लोक विसरतात ती लेप्टोची. खाडीकाठचा चिखल, उंदीर आणि साचलेलं पाणी हे लेप्टोस्पायरोसिसचं माहेरघर आहे. कुत्र्यांच्या नेहमीच्या एकत्रित लसीत हा भाग असतो, पण प्रत्येक कंपनीच्या लसीत असतोच असं नाही. म्हणून पुस्तिकेतलं लेबल डॉक्टरांना दाखवून विचारून घ्या. गोचिडांचं औषधही याच भेटीत उरका.

कुत्र्याला गाडी लागत असेल तर बोटही लागू शकते. ओठ चाटत राहणं, सारख्या जांभया, लाळेची तार, जागच्या जागी अस्वस्थ फिरणं ही उलटीच्या आधीची लक्षणं. यावर कुत्र्यांसाठीच्या गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांनी वजन बघून लिहून द्यायच्या असतात. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. झोपेची गोळी तर नकोच. गुंगीतल्या कुत्र्याला हलत्या बोटीवर तोल सांभाळता येत नाही, आणि पाण्यात पडला तर पोहताही येत नाही.

3. लाइफ जॅकेट

"कुत्र्यांना जन्मतःच पोहता येतं" हे वाक्य तुम्हाला किनाऱ्यावर दहा जण ऐकवतील. पग, बुलडॉग आणि आखूड पायांचा डॅशहुंड यांना धड पोहता येत नाही. आणि जी पोहतात तीही ओहोटीच्या ओढीविरुद्ध पोहत राहिली की लवकर दमतात.

जॅकेट कुत्र्यांचंच घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर टेपने मोजा आणि त्या मापाने मागवा, वजनाच्या अंदाजावर जाऊ नका. रंग भगवा किंवा पिवळा हवा, निळा-हिरवा पाण्यात दिसत नाही. पाठीवर मजबूत हँडल असलंच पाहिजे, कारण पाण्यातून वर उचलायचं ते त्यालाच धरून. घरी घालून बघा: पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, आणि हँडल धरून क्षणभर चारी पाय जमिनीवरून उचलले तर जॅकेट मानेवरून सरकू नये. मग रोज जेवणाच्या वेळी थोडा वेळ ते अंगावर राहू द्या. होडीवाले प्रेमाने माणसांचं जॅकेट कुत्र्याला गुंडाळून बांधतात. त्याने उपयोग होत नाही, उलट पाय अडकतात.

4. धक्क्याचा सराव, घराजवळच

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

फेरीबोटीचं तोंड म्हणजे लोखंडाचा पत्रा. बोट लागली की तो धडाम् आवाज करत काँक्रीटच्या उतारावर टेकतो. दोन्हींच्या मध्ये फट राहते आणि फटीतून पाणी हलताना दिसतं. त्या हलत्या पाण्यापाशी कुत्रा खिळून उभा राहतो. पुढचे पाय पत्र्यावर, मागचे काँक्रीटवर, आणि मागे मोटारसायकलवाले हॉर्न देताहेत. तिथे ओढाओढ केलीत तर पुढच्या खेपेला तो धक्का लांबून बघूनच बसकण मारेल.

म्हणून घरी लाकडी फळी किंवा जाड पत्रा जमिनीवर ठेवा आणि त्यावरून खाऊच्या आमिषाने चालवा. दोन दिवसांनी त्याच्या एका टोकाखाली वीट ठेवा म्हणजे तो थोडा डुगडुगेल. मग गटारावरची लोखंडी जाळी, पादचारी पुलाचा जिना, सोसायटीच्या गॅरेजचा उतार. स्टीलचं ताट हातातून खाली सोडा आणि आवाज झाला रे झाला की खाऊ द्या. आधी लांबून, मग जवळून. भोंग्याचा आवाज मोबाइलवर बारीक लावून तेच करा. चंपा ताटाच्या आवाजाला कोपऱ्यात पळायची. नंतर आवाज झाला की माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा ती धक्क्यासाठी तयार झाली असं मी धरलं.

दोन शब्द पक्के शिकवा: 'बस' आणि 'थांब'. बाकी काही नाही आलं तरी चालेल.

5. वेळ: ऋतू, वारा आणि भरती

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. साधारण मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत छोट्या होड्यांचा विचारच करू नका. जलपर्यटन त्या काळात बंद असतं, आणि मोठ्या फेऱ्याही हवामान बघूनच सुटतात. बाकीच्या दिवसांत सकाळी दहाच्या आत पाण्यावर असा. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो आणि पाणी उसळायला लागतं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक बघा.

कुत्र्याचा याच्याशी संबंध काय? ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं आणि कालवांची कवचं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी धारदार. पंजा चिरला की खाऱ्या पाण्यात तो चुरचुरत राहतो आणि कुत्रा दिवसभर लंगडतो. शिवाय होडी खोल खाली गेलेली असते, म्हणजे कुत्र्याला उचलून उतरवायचं. फेरीबोटीचा उतारही तेव्हा लांब आणि निसरडा होतो. छोटी होडी करायची असेल तर भरतीच्या आगेमागेच करा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणामुळे खाडीच्या तोंडाशी ओढ जास्त असते. त्या दिवशी जंगलजेटी ठीक, छोटी होडी नको.

6. बरोबर काय घ्यायचं

कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात:
- लसीकरणाची पुस्तिका, रेबीजच्या नोंदीचं पान वर येईल अशी
- महापालिकेचा कुत्र्याचा परवाना
- कुत्र्याचा एक स्पष्ट फोटो, तुमच्याबरोबर काढलेला, हरवला तर दाखवायला
- जिथे उतरणार त्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता, लिहून घेतलेला. खाडीत रेंज जाते.

पिशवीत:
- लाइफ जॅकेट आणि छातीचा पट्टा. नुसता गळपट्टा नको, मागे खेचला की डोक्यावरून निसटतो.
- चार-पाच फुटांची साधी दोरी. बटण दाबून लांब होणारी गुंडाळीची दोरी बोटीवर धोक्याची, लोकांच्या पायांत जाते.
- घरचं गोडं पाणी आणि भांडं. जेवढं लागेल वाटतं त्याच्या दुप्पट.
- जुनी चादर किंवा गोणपाट, पत्र्यावर अंथरायला
- शी उचलायच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एक टॉवेल
- बँडेज, जंतुनाशक, चिमटा

गळ्यात नाव आणि मोबाइल नंबरचा बिल्ला असू द्या. जॅकेटवरही मार्करने नंबर लिहा.

7. धक्क्यावर पोचल्यावर

जेवण निघायच्या तीन-चार तास आधी, आणि तेही अर्धं. धक्क्याच्या थोडं अलीकडे गाडी थांबवून शी-शू उरकून घ्या. धक्क्यावर गेल्यावर ते होत नाही, कारण तिथली कुत्री होऊ देत नाहीत.

ही कुत्री हा खरा धोका. माशांवर वाढलेली, एकत्र राहणारी, आणि धक्का आपला समजणारी. मासळी उतरत असते तेव्हा ती सगळी जागी असतात. तुमचा कुत्रा खाली उतरवायच्या आधी स्वतः उतरून बघून या. तिथे मासळी घेऊन बसलेल्या मावशींना विचारा, "मावशी, ह्यातलं चावरं कुठलं?" त्यांना प्रत्येकाचा स्वभाव माहीत असतो, आणि बऱ्याचदा त्याच हाकलून देतात.

गाडी घेऊन फेरीबोटीवर चढत असाल तर कुत्रा गाडीतच ठेवा. खलाशी हाताने खुणा करत गाड्या वीतभर अंतरावर लावत असतो. त्या फटींमध्ये कुत्रा असणं कोणालाच परवडत नाही. सगळ्या गाड्या लागल्या, इंजिनं बंद झाली की काचा खाली करा. जागा असेल तरच दोरी हातात घेऊन उतरवा, पण आधी हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजतील. बंद काचांच्या गाडीत त्याला एकटं सोडून फोटो काढायला वर जाऊ नका, पाच मिनिटांसाठीही नाही. उतरताना सगळ्यात शेवटी उतरा.

छोट्या होडीत आधी एक माणूस चढून बसतो, मग कुत्रा हँडलला आणि पोटाखाली धरून दिला जातो, मग दुसरा माणूस. त्याला उडी मारू द्यायची नाही, उडीने होडी मागे सरकते आणि तो मध्येच पडतो.

8. पाण्यावर

होडीच्या मधोमध, तळाशी, चादरीवर, तुमच्या पायांत. पुढच्या टोकावर उभं करून फोटो काढायचा मोह आवरा. दोरी हातात धरा, फळीला बांधू नका. होडी कलंडली तर बांधलेला कुत्रा तिच्याखाली जातो.

दर थोड्या वेळाने घोटभर गोडं पाणी पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. जास्त प्यायला तर अंगात मीठ वाढून झटकेही येऊ शकतात.

ऊन लागल्याचं लवकर ओळखा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटताहेत असं दिसलं तर जॅकेट सैल करा, पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि तांडेलाला किनाऱ्याला घ्यायला सांगा. चपट्या नाकाच्या जातींना हे सगळ्यात आधी होतं.

बोटीवर शू झाली तर लाजू नका आणि दुर्लक्षही करू नका. कागद टाका, पाणी मागून घ्या, स्वतः पुसा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला बोटीवर घेतील की नाही, हे त्यावर ठरतं.

9. पाण्यात पडलाच तर

ओरडून तांडेलाला सांगा, म्हणजे तो इंजिन न्यूट्रलला टाकेल. फिरता पंखा हा बुडण्याहून मोठा धोका आहे. एकाने फक्त कुत्र्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, लाटांत डोकं लगेच दिसेनासं होतं. तुम्ही त्याच्या नावाने नेहमीच्या आवाजात हाका मारा, तो आवाजाच्या दिशेने पोहतो. मागे उडी मारू नका. होडी जवळ आली की एकानेच वाकून हँडलने ओढायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. सगळे एका बाजूला धावले तर होडी कलते. माणूस पाण्यात असेल किंवा होडीच संकटात असेल तर तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर 1554.

बाहेर आल्यावर तो अंग झटकेल आणि ठीक दिसेल. तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवा. खोकला, जोरजोरात श्वास किंवा मरगळ आली तर डॉक्टर गाठा, फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं. गावात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करता येतो.

10. किनाऱ्यावर उतरल्यावर

लोक इथे निर्धास्त होऊन दोरी सोडतात. सोडू नका.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे वाळूवरच टाकलेले असतात. त्यांत केंड असतो, फुगणारा, काटेरी किंवा गुळगुळीत पांढऱ्या पोटाचा. तो विषारी आहे, शिजवूनही विष जात नाही, आणि कुत्र्याने खाल्ला तर त्याचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. तोंडात धरलेला दिसला तर ओढून काढा आणि तडक दवाखान्यात न्या. जाळ्यात समुद्रसापही येतात. मेल्यासारखे पडलेले असले तरी नाक लावू देऊ नका. पाकटाच्या शेपटीचा काटा, गळ, तुटकी जाळी हेही तिथेच असतं.

बागमांडल्याहून वेश्वीला उतरलात तर वेळास अगदी जवळ आहे. तिथे 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण होते. नोव्हेंबरपासून माद्या अंडी घालायला येतात, आणि पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात जातात. कुत्री वास काढून घरटी उकरतात, म्हणून या दिवसांत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर कुत्र्याला पहाटे आणि अंधार पडल्यावर नेऊच नका. दिवसाही दोरी आखूड ठेवा, आणि कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा. गावकरी थांबा म्हणाले तर थांबा.

खाडीच्या आतल्या अंगाला आणखी एक गोष्ट. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यातही आहेत. अशा पाण्याच्या काठावर कुत्र्याला पोहायला किंवा पाणी प्यायलाही सोडू नका.

मुक्कामी पोचलात की गोड्या पाण्याने आंघोळ घाला. जॅकेटच्या पट्ट्यांखाली मीठ राहिलं की चामडी सोलवटते. पंजांच्या बेचक्यांतली वाळू काढा, कान आतून कोरडे करा, बोटांमध्ये आणि कानांमागे गोचीड बघा. जॅकेटही धुऊन सावलीत वाळवा, उन्हात त्याचे पट्टे कडक होतात. त्या रात्री नेहमीचंच जेवण द्या, तळलेली मासळी नको.